काठावरच्या बारा कुंड्या : बागेतल्या तळ्याच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी : मापे

जागा पुण्यात, बागेच्या मागच्या अंगाला. तळे ३.६ मीटर लांब, २.४ मीटर रुंद. मध्यभागी पाणी ७० सेंटीमीटर. उत्तरेच्या लांब बाजूला आणि पश्चिमेच्या आखूड बाजूला ३५ सेंटीमीटर रुंदीची पायरी, तिच्यावर पाणी २८ सेंटीमीटर. एकूण पाणी साधारण ५,२०० लिटर. अस्तर शेततळ्याला वापरतात तोच ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद.

उत्तरेला उंच झाडे ठेवली की त्यांची सावली पाण्यावर पडत नाही, म्हणून लांब पायरी उत्तरेलाच काढली आहे. पश्चिमेला कंपाउंडची भिंत आहे. त्या पायरीवर दुपारी तीननंतर ऊन नसते. सकाळपासून सहा-सात तास ऊन मिळते, तेवढे पुरते.

गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने पायरी तपासली. उत्तरेची सरळ आहे. पश्चिमेची दक्षिणेकडच्या टोकाला २ सेंटीमीटर खाली गेली आहे, म्हणजे तिथे पाणी ३०. दोन सेंटीमीटरने काय होते, असे वाटेल. कमळाला काहीच होत नाही, काठाच्या झाडांना होते.

रोपवाटिकेत ‘हे झाड १० सेंटीमीटर पाण्यात चालते’ असे सांगतात. हे १० सेंटीमीटर कुंडीतल्या मातीच्या पृष्ठभागापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मोजायचे, कुंडीच्या बुडापासून नव्हे. बहुतेक झाडे कुजतात ती याच गोंधळामुळे. पुढच्या सगळ्या नोंदींत ‘वरचे पाणी’ म्हणजे मातीच्या वरचे पाणी.

हिशेब असा: पायरीवर पाणी २८, काठापर्यंत भरलेल्या कुंडीची उंची २०, म्हणून वरचे पाणी ८. कुंडीखाली आडवी वीट (७.५) ठेवली तर अर्धा सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटर जाडीची फरशी ठेवली तर साडेपाच. एवढ्या तीन पातळ्या पुरतात.

१४ फेब्रुवारी : झाडांची निवड

पायरी दोन्ही मिळून साडेपाच मीटरच्या थोडी वर. ३० सेंटीमीटर व्यासाच्या बारा कुंड्या मोकळ्या अंतराने बसतात. जास्त बसवता येतील, पण मग हात घालायला जागा राहत नाही आणि पाने एकमेकांत गुंततात.

पश्चिमेची पायरी:
कुंडी १ आणि २ – वेखंड. वरचे पाणी ० ते ५. मंद वाढते, अर्धसावलीत बरे असते.
कुंडी ३ – काळ्या देठाचे अळू. ० ते १०.
कुंडी ४ – सोनटक्का. ० ते २. हा खरे तर ओल्या मातीतला गडी, पाण्यातला नव्हे.

उत्तरेची पायरी:
कुंडी ५ – थालिया (कर्दळीसारख्या मोठ्या पानांचे पाण्यातले झाड), ० ते २५.
कुंडी ६ – पपायरस (उंच दांड्यांच्या टोकाला झिपऱ्या असणारा लव्हाळा), ० ते १५.
कुंडी ७ – छत्रीसारख्या पानांचा लव्हाळा, ० ते १५, आणि आठवडाभर कोरडा पडला तरी मरत नाही.
कुंडी ८, ९ – पोन्टेडेरिया, ५ ते १५. निळ्या तुऱ्यांसाठी.
कुंडी १० – वॉटर कॅना, म्हणजे अरुंद निळसर पानांची पाण्यातली कर्दळ, ० ते १५. नेहमीची बागेतली कर्दळही ५ सेंटीमीटरपर्यंत चालते, पण थंडीत तिचा गड्डा पाण्याखाली लवकर सडतो.
कुंडी ११, १२ – नीरब्राह्मी, ० ते १०.

ब्राह्मी घेताना पान बघून घ्यावे. आपल्याकडे दोन वेगळ्या झाडांना ब्राह्मी म्हणतात. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कातरलेल्या कडेचे पान असेल तर ती मंडूकपर्णी. ती ओलसर जमिनीत छान पसरते, पण कायम पाण्यात टिकत नाही. लहान, जाड, चमच्यासारखे गुळगुळीत पान आणि पांढरट-निळसर फूल असेल तर ती नीरब्राह्मी. आपल्याला हीच हवी. विक्रेत्याला नाव विचारून उपयोग नाही, दोन्हींचे उत्तर ‘ब्राह्मी’च येते.

नाकारलेली झाडे. पाणकणीस (रामबाण): दिसते देखणे, पण त्याच्या जमिनीखालच्या फुटव्यांची टोके टोकदार असतात. कुंडीतून निसटला तर कागदाला भोक पाडतो. सिमेंटच्या हौदात लावा, कागदी तळ्यात नको. तालिमखाना (कोळशिंदा) इथलाच, जांभळी फुले सुंदर, पण पेऱ्यापेऱ्याला लांब काटे, आणि या बाजूने मुलांची ये-जा. पिवळ्या फुलांची लिम्नोकॅरिस काही ठिकाणी हौसेने विकतात. केरळात तिने भातखाचरे आणि ओढे व्यापले आहेत, म्हणून दारातही नको. जलपर्णी आणि गोंडाळ यांबद्दल पुण्यात वेगळे सांगायला नको, नदीवर जाऊन पाहावे.

कास किंवा दुसऱ्या पठारावरून, ओढ्यावरून काही उपटून आणायचे नाही. तिथली झाडे पातळ मातीच्या आणि चार महिन्यांच्या पाण्याच्या हिशेबाने जगतात, कुंडीत ती टिकतही नाहीत.

२१ फेब्रुवारी : माती

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण गच्चीवरच्या कुंडीची सवय हाताला असते. कोकोपीट, गांडूळखत, शेणखत, पालापाचोळ्याचे खत – यातले काहीही नको. कोकोपीट तरंगून वर येते. खत पाण्याखाली हवेशिवाय कुजते, पाण्यात अमोनिया सुटतो, मासे मरतात आणि आठ दिवसांत पाणी पोपटी होते. निंबोळी पेंडही नको. तीही पाण्याखाली कुजते, आणि कडुनिंबातले द्रव्य माशांना सोसत नाही.

काळी माती एकटी वापरली तर पाण्यात फुगते, लोण्यासारखी होते, कुंडी हलवली की गढूळ ढग उठतो. पाणी खाली गेले आणि माती सुकली की भेगा पडून मुळे तुटतात. लाल माती एकटी वापरली तर स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, झाडाला देत नाही, शिवाय पाणी कितीतरी दिवस तांबूस राहते. ठरलेले मिश्रण: पोयटा (नदीकाठची गाळाची माती) दोन भाग, लाल माती एक भाग. पोयटा मिळाला नाही तर काळी माती एक, लाल एक, धुतलेली वाळू अर्धा.

बाटलीची चाचणी: पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. दोन मिनिटे हलवून ठेवायची. वाळू मिनिटभरात बसते, गाळ दोन-तीन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. आणलेल्या पोयट्यात वाळू साधारण निम्मी, चिकणमाती पाव. चालेल. वर काडीकचरा तरंगला तो बोटाच्या पेराएवढा. म्हणून सगळी माती बारीक चाळणीने चाळली.

एका कुंडीला १० लिटर माती. बारा कुंड्यांना १२० लिटर, चाळून उरणारी धरून १४० आणली.

वर घालायला ६ मिलिमीटरचा काळ्या दगडाचा कच, २ सेंटीमीटरचा थर. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. चार पाण्यांत होतो. संगमरवराच्या पांढऱ्या चिपा नकोत, चुन्याचा दगड तो. शहाबादी आणि कडप्पाही चुनखडीचेच आहेत, पण आपले पाणी मुळातच अल्कधर्मी, त्यात ते फारसे विरघळत नाहीत, म्हणून कुंडीखाली फरशीचा तुकडा चालतो. नवा सिमेंटचा ब्लॉक मात्र चालत नाही. त्यातून चुना सुटून पाण्याचा सामू (pH) भसकन वाढतो. पक्की भाजलेली वीट घ्यावी. कच्ची वीट दोन महिन्यांत चिखल होते.

२२ फेब्रुवारी : कुंड्या

रुंद आणि बुटकी कुंडी हवी. उंच निमुळती कुंडी पपायरसचा भार घेत नाही. ३० सेंटीमीटर व्यास, २० उंचीचे जाड काळे प्लास्टिकचे टब दहा घेतले. बुडाला भोक नसलेले. नीरब्राह्मीसाठी भाजीच्या जाळीदार टोपल्या दोन, आतून शेडनेटच्या दोन पदरांनी मढवून. गोणपाट लावण्याची पद्धत आहे, पण गोणपाट पाण्याखाली पावसाळ्याआधीच सडते आणि माती जाळीतून ओघळते.

टबांच्या बुडाला भोक मुद्दाम पाडलेले नाही. कर्दळ, थालिया, लव्हाळा भोकातून बाहेर पडतात आणि कागदाखाली-वर कुठेही शिरतात. बंद टबात खालची माती काळी पडते, अंड्यासारखा वास येतो. घाबरण्याचे कारण नाही. या झाडांच्या देठांत पोकळ नळ्या असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते. म्हणूनच अशा झाडांचे देठ पाण्याच्या पातळीखाली कापायचे नसतात: नळीत पाणी भरले की गड्डा आतून कुजतो.

१ मार्च : लागवड

रात्रीची थंडी सरली, डोळे फुगायला लागले आहेत. गड्डे तोडायला हीच वेळ.

आलेली सगळी रोपे आधी वेगळी ठेवली. जुनी माती मुळांवरून पूर्ण धुतली. पानांच्या मागे गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट लपके आणि देठात अडकलेले तरंगते बारीक हिरवे दाणे हाताने काढले. हे दाणे एकदा तळ्यात गेले की निघत नाहीत. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात १५ मिनिटे, नंतर साध्या पाण्यात खळबळून.

वेखंड: ८ ते १० सेंटीमीटरचे कांडे, एका टोकाला जिवंत कोंब. पाने १५ सेंटीमीटर ठेवून कापली. कांडे आडवे ठेवायचे, पाठ उघडी, पोट मातीत. कोंबाचे तोंड कुंडीच्या मोकळ्या बाजूकडे, मागचे टोक कडेला. ते पुढेच सरकत वाढते. एका कुंडीत तीन.

अळू: गड्डा मातीत ५ सेंटीमीटर खोल, जुनी पाने काढून एकच सुरळी ठेवली. हातमोजे घालावेत, चिकाने खाज सुटते.

कॅना आणि थालिया: दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, ५ सेंटीमीटर खोल.

पोन्टेडेरिया: गड्डा तिरका, कोंब मातीच्या बरोबरीने. सोनटक्क्याचेही तसेच, पण गड्डा जेमतेम झाकेल इतकीच माती.

पपायरस आणि छत्री लव्हाळा: गड्ड्याचा मुठीएवढा तुकडा, जुने दांडे २० सेंटीमीटरवर कापून. लव्हाळ्याची एक छत्री देठाच्या बोटभर तुकड्यासकट कापून, पाने निम्मी करून, बादलीतल्या पाण्यात उलटी तरंगत ठेवली आहे. तीन आठवड्यांत मधून रोपे फुटतात. पपायरसचा भरवसा याबाबतीत कमी.

नीरब्राह्मी: १० ते १२ सेंटीमीटरचे शेंडे, एका टोपलीत २०. खालची तीन पेरे मातीत आडवी दाबायची, शेंडा वर.

भरण्याचा क्रम: टबाच्या बुडात अर्धी वीट (वजनासाठी, फक्त ५ आणि ६ मध्ये), ओलसर माती थराथराने दाबत, रोप, पुन्हा माती, काठाच्या २ सेंटीमीटर खाली थांबायचे, मग कच काठापर्यंत. माती सैल राहिली तर पाण्यात उतरवताना बुडबुडे येऊन रोप उखडते.

पाण्यात एकदम उतरवले नाही. मोठ्या घमेल्यात दिवसभर ठेवून माती पूर्ण भिजू दिली. मग तिरकी करून, हळूहळू. टब ओला झाल्यावर जवळजवळ २० किलो होतो, एका माणसाने वाकून उचलू नये. दोघांनी दोन कानांना धरावे.

पहिले दोन आठवडे सगळ्या कुंड्या विटेवर, म्हणजे वरचे पाणी जवळजवळ शून्य. नवी पाने पाण्यावर आली की मग ५, ७, ८ आणि ९ खाली उतरवायच्या. पूर्ण बुडालेले नवे रोप हवेअभावी दमते.

४ मार्च : मासे

गप्पी चाळीस सोडले. पुष्कळ महापालिकांचा आरोग्य विभाग ते फुकट देतो. पाणी भरून चार दिवस झाले आहेत, क्लोरीन उडाला. गप्पी परदेशी मासा आहे, तळ्याबाहेर नदी-ओढ्यात सोडायचा नाही.

डासांची जागा तळे नसते, कुंडी असते. मातीवर ३ सेंटीमीटर पाणी आणि कुंडीचा काठ पाण्याबाहेर, अशी वाटी तयार झाली तर आत मासा जात नाही आणि डासाच्या अळ्या वाढतात. म्हणून दोनच स्थिती मान्य: एक तर काठ निदान २ सेंटीमीटर पाण्याखाली, म्हणजे मासा ये-जा करील; नाही तर कच काठापर्यंत भरलेला, म्हणजे साठायला पाणीच नाही.

१९ मार्च

कुंडी २ मधले वेखंड कुजले. तीनपैकी दोन कांडी मऊ, दाबली की राखाडी पाणी. कुंडी १ ठणठणीत. फरक दोनच: कुंडी २ पायरीच्या बुडक्या टोकाला आहे, तिथे विटेवरही वरचे पाणी अडीच, आणि लावताना कांड्यांची पाठ कचाने झाकली गेली होती. जुन्या बसलेल्या वेखंडाला अडीच सेंटीमीटर काहीच नाही. नुकत्या तोडलेल्या, अजून मूळ न धरलेल्या कांड्याला पुष्कळ. कुजलेले काढले, तिसऱ्याचा चांगला भाग कापून, काप दिवसभर सावलीत सुकवून पुन्हा लावला. विटेखाली फरशी सरकवली.

बाकी सगळे धरले. अळूने दुसरे पान टाकले.

११ एप्रिल : पाण्याची पातळी

हीच नोंद सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून लांब.

पायरीच्या दगडाला स्टीलची पट्टी चिकटवली आणि दहा दिवस पाणी घातले नाही. पातळी ७ सेंटीमीटरने उतरली. दिवसाला ७ मिलिमीटर. पृष्ठभाग ८.६ चौरस मीटर, म्हणजे रोज ६० लिटर. आधी गळती असेल असे वाटले. बादलीची चाचणी केली: बादली पाण्याने भरून पायरीवर तळ्यातच उभी केली, आत-बाहेर खुणा केल्या. चोवीस तासांत दोन्हीकडे सारखीच घट. गळती नाही, उन्हाळा आहे.

आता निवडीच्या वेळचे आकडे परत बघितले. ‘० ते ५’ मागणारे वेखंड विटेवर अर्ध्या सेंटीमीटर पाण्यात होते. दहा दिवसांनी कुंडीचा काठ पाण्याच्या साडेसहा सेंटीमीटर वर उभा. बंद टबाला बाजूने पाणी शिरायला वाट नाही, म्हणून तळ्यात उभी असलेली कुंडी वरून सुकली! अळूची पाने दुपारी लोंबली, सोनटक्क्याच्या कडा करपल्या. ११ आणि १२ या जाळीच्या टोपल्या तेवढ्याच उंचीवर असून ओल्या, कारण शेडनेटमधून पाणी आत येत राहते.

यावरून झाड निवडताना खोलीचा आकडा बघण्यापेक्षा त्याची लवचीकता बघावी. आपल्या हवेत तळ्याची पातळी आठवड्यात पाच सेंटीमीटर हलते. ० ते १५ वाले झाड मध्ये कुठेही ठेवा, निभावते. ० ते २ वाल्याला रोज पाणी राखणारा माणूस लागतो, किंवा वेगळी सोय.

सोय अशी केली. कुंड्या १ ते ४ एकेक करून बाहेर काढल्या, काठाखाली ६ सेंटीमीटरवर तापवलेल्या सळईने ६ मिलिमीटरची आठ भोके सभोवार पाडली. भोक बारीक, म्हणून गड्डा बाहेर येत नाही, पाणी मात्र आत येते. आणि दर तिसऱ्या दिवशी पाणी, दर खेपेस १८० लिटर. घट २ सेंटीमीटरच्या आसपास राहते. ५,२०० लिटरमध्ये एवढे नळाचे पाणी क्लोरीनसकट गेले तरी माशांना अडचण येत नाही.

बॉलकॉक बसवावा का? काम सोपे होते, पण गळती लागली तर कळत नाही, तो गुपचूप भरत राहतो. पट्टी बरी.

२ मे

पाणी हिरवे. कारण सापडले: २० एप्रिलला खत दिले होते.

पद्धत अशी आहे. १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश) या दाणेदार मिश्रखताची ४ ग्रॅम मात्रा, म्हणजे सपाट चमच्याहून थोडी कमी, घट्ट मळलेल्या शाडूच्या लिंबाएवढ्या गोळ्यात बंद करायची, सावलीत एक दिवस सुकवायचा आणि बोटाने मुळांच्या बाजूला ८ ते १० सेंटीमीटर खोल दाबून वरचे भोक मातीने बुजवायचे. भूक मोठी असणाऱ्यांना (कॅना, थालिया, पपायरस, अळू, पोन्टेडेरिया) दोन गोळे. वेखंड, सोनटक्का, लव्हाळा यांना एक. नीरब्राह्मीला अर्धा. दर सहा आठवड्यांनी, मार्च ते सप्टेंबर. गणपतीच्या आधी शाडू महाग होतो, आताच पाच किलो घेऊन ठेवावा.

कुंडी ९ मध्ये गोळा जेमतेम ३ सेंटीमीटर गेला होता, खाली वीट लागली असावी असे समजून सोडला होता. पण ९ मध्ये वीट नाही, मुळांची गाठ होती. त्या कुंडीवरच लोकरीसारखे शेवाळ सर्वांत दाट. खत कुठून सुटते आहे ते शेवाळच दाखवते. गोळा काढला, शेवाळ काडीला गुंडाळून काढले. मोरचूद टाकण्याचा सल्ला मिळतो. टाकू नये: शेवाळ आणि गोगलगायी एकदम मरून कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो.

९ मे

पोन्टेडेरियाच्या तुऱ्यांवर मावा. नळीच्या जोरदार पाण्याने खाली पाडला, गप्पींनी खाल्ला. कीटकनाशक नाही, कडुनिंबाचे तेलही नाही.

बाष्पीभवनात क्षार मागे राहतात. पाणी नुसते भरत राहिलो तर उन्हाळाअखेर पानांची टोके तपकिरी होतात, आधी पपायरसच्या झिपऱ्यांची. तळातले हजार लिटर पाणी काढून झाडांना घातले, नवे भरले. हे दोन टप्प्यांत केले, क्लोरीनसाठी.

२४ मे : वळीव

कुंडी ६ आडवी. पपायरस दीड मीटर झाला आहे, झिपऱ्या शिडासारखे वारे धरतात. बुडातली अर्धी वीट पुरली नाही. कुंडी सरळ करताना कागदावर घासली. हात फिरवून पाहिले, भोक नाही. आता ५, ६ आणि ७ यांचे कान एकमेकांना नायलॉनच्या सुतळीने बांधले, आणि टबाच्या तळ्याकडच्या अंगाला पायरीवर दगड टेकवला. पपायरसचे बाहेरचे जुने दांडे पाण्याच्या वर एक वीत ठेवून कापले.

१७ जून

पाऊस सुरू. पातळी सांडव्याच्या तोटीपर्यंत, तोटीला जाळी. नाही तर गप्पी गटारात. सांडवा पायरीवर २८ राखतो, म्हणून वरचे पाणी वाढत नाही. ज्यांच्या तळ्याला सांडवा नाही त्यांनी पावसाळ्याआधी कुंड्यांखाली आणखी एक वीट सरकवावी. पाणी भरायचे काम ऑक्टोबरपर्यंत बंद.

पाणी ढगाळ हवेत आपोआप निवळले.

१५ जुलै

अळूवर करपा. पानावर पाणी भरल्यासारखे गोल डाग, मग तपकिरी वर्तुळात वर्तुळ, कडेला पिवळट थेंब. दमट पावसात हा येतोच. डागाळलेली पाने देठासकट पाण्याच्या वरून कापून कचऱ्यात; तळ्यात किंवा खतात नाही. तांब्याचे औषध शेतात मारतात, इथे मासे आहेत. कुंडी ३ आणि ४ मधले अंतर वाढवले, वारा खेळू दिला. पुढचे पान स्वच्छ.

कॅनाची पाने गुंडाळलेली. उलगडून अळ्या काढल्या, सात.

कुंडी १० ची जुनी पाने पिवळी: नत्र कमी, पावसाने पाणी पातळ झाले, सहा आठवडेही झाले. गोळे दिले. पिवळेपणा नव्या पानावर असता आणि शिरा हिरव्या असत्या तर लोहाची कमतरता म्हटले असते. मातीत लावलेल्या झाडात ती सहसा दिसत नाही, पाण्याखालच्या मातीत लोह विरघळलेल्या रूपात मिळते. नुसत्या खडीत लावणाऱ्यांना दिसते.

२९ ऑगस्ट

नीरब्राह्मी टोपलीबाहेर दोन फूट. पाण्यावर पसरली ते चांगले, माशांना आडोसा. पण एक फांदी काठ ओलांडून बाहेरच्या मातीत रुजली होती आणि पाणी वातीसारखे बाहेर ओढत होती. काठाबाहेरची माती सतत ओली का, याचे उत्तर मिळाले. उन्हाळ्यात हे झाले असते तर बादलीच्या चाचणीत गळती निघाली असती. काठापासून वीतभर आत कापली. दर पंधरा दिवसांनी कापायची.

सोनटक्क्याला फुले. कुंडी ४ ला पाणी राखायला जो त्रास झाला तो संध्याकाळी वासाने फिटतो, एवढे नोंदवायला हरकत नाही.

१२ ऑक्टोबर

पाऊस गेला, ऊन परत. पातळी दिवसाला ५ मिलिमीटर. पाणी भरणे सुरू. पोन्टेडेरियाचे वाळलेले तुरे काढले. एक फूल एकच दिवस टिकते, तुरा आठवडाभर. खत बंद, सप्टेंबरअखेरचा गोळा शेवटचा.

१४ डिसेंबर

रात्री गारठा. अळूला दोनच पाने, सोनटक्का पिवळा, थालिया थांबली. मेलेले नाहीत. पिवळी पाने पाण्याच्या वर एक वीत ठेवून कापावीत, पाण्यात गळून कुजू देऊ नयेत. गोळा देऊ नये, मुळे घेत नाहीत आणि सगळे शेवाळाला जाते.

२० फेब्रुवारी : वर्षाची कुंडीबदल

सगळ्या कुंड्या बाहेर. थालियाचा टब फुगून चिरला आहे. गड्डे काठाला दाबून. तिला एक वर्ष हा टब, पुढे ४० सेंटीमीटरचा. जाड गड्डे करवतीने कापावे लागले, मधला जुना भाग टाकून कडेचे नवे डोळे ठेवले. कॅना आणि पपायरसचेही तसेच. पोन्टेडेरिया अजून वर्षभर चालेल. वेखंड कुंडीतून काढले नाही, त्याला तीन वर्षे लागतात. अळूचे पाच गड्डे निघाले, एक परत लावला.

जुनी माती पुन्हा वापरलेली नाही, वाफ्यात टाकली. जादा गड्डे आणि ब्राह्मीचे शेंडे उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात. ओढ्याच्या कडेला फेकले तर तिथेच रुजतात.

यंदाचे बदल. सर्व नव्या टबांना लावण्याआधीच बाजूची भोके. कुंडी २ चे वेखंड उत्तरेच्या सपाट पायरीवर, लव्हाळ्याच्या मागे दुपारची सावली मिळते तिथे. पायरीच्या बुडक्या टोकाला छत्री लव्हाळा, त्याला अडीच सेंटीमीटर इकडे-तिकडे कळत नाही. सोनटक्का पायरीवरून काढून काठाबाहेर जमिनीत, सांडव्याच्या तोंडाशी. कुंडी ४ च्या जागी बादलीत उलट्या छत्रीपासून झालेली लव्हाळ्याची रोपे. पपायरसच्या टबात अर्धीऐवजी दोन अख्ख्या विटा, आणि मे उजाडण्याआधी दांडे निम्मे.